सर्व्हरला हार्ड डिस्क कुठल्या घ्याव्यात आणि त्या थंड कशा ठेवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत ठेवी घेणाऱ्या सोसायटीसाठी सर्व्हर बसवायचाय, ८ टीबीच्या चार डिस्क घालायच्यात, खोली तंबाखूच्या वखारीच्या वर आहे, आणि दुकानदार सांगतोय, "डिस्क कुठलीही चालते, एसी लावा म्हणजे झालं." माझ्या मते हे उलटं आहे. आधी डिस्क नीट निवडा, मग वारा नीट फिरवा. एसीचं त्यानंतर बघता येतं. बेळगाव, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात लहान ऑफिसांचे सर्व्हर मी बारा वर्षं सांभाळतोय, त्यावरनं सांगतो.

डिस्क सीएमआरच घ्या, म्हणजे माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात ती. एसएमआर डिस्कमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. रोजच्या कामात ते जाणवत नाही, पण एक डिस्क जाऊन नवी भरायची वेळ आली की काम तासांवरनं दिवसांवर जातं. २०२० साली नासच्या (नेटवर्कवर माहिती साठवणाऱ्या, अनेक डिस्कच्या पेटीच्या) म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या होत्या, म्हणून खोक्यावर विसंबू नका, मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर ताडून बघा. घरगुती डिस्कही नकोच. खराब सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा लहान तुकडा) वाचायला ती बराच वेळ झगडत बसते आणि रेड कार्ड, म्हणजे सगळ्या डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड, तिला मेलेली समजून बाहेर काढतं. नास किंवा एंटरप्राइज (मोठ्या सर्व्हरसाठीची) डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकते नि कार्डाला तसं कळवते.

डिस्कच्या कागदावर एमटीबीएफ, म्हणजे बिघाडांमधला सरासरी काळ, "२५ लाख तास" असा वाचून ती २८५ वर्षं चालेल असं समजू नका. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर तीन-चार जातील, एवढाच त्याचा अर्थ.

चार डिस्कवर रेड ५ (एकच डिस्क गेली तर तग धरणारी मांडणी) करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एक डिस्क गेली की उरलेल्या तीन, म्हणजे २४ टीबी, सगळ्या वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या कागदावर दर १२.५ टीबीला एखादी न वाचता येणारी चूक धरलेली असते. प्रत्यक्षात त्या बऱ्याचदा यापेक्षा चांगल्या वागतात, पण लोकांच्या ठेवींचा हिशेब त्या भरवशावर ठेवू नये. रेड ६ (कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालणारी) किंवा रेड १० (डिस्कच्या जोड्या करून प्रत्येकीची नक्कल ठेवणारी) करा, १६ टीबी जागा मिळते. आणि चारही डिस्क एका लॉटच्या घेऊ नका. दोन इथनं, दोन कोल्हापुरातनं घ्या. एका लॉटच्या दोन डिस्क एकाच आठवड्यात गेलेल्या मी बघितल्यात.

आता गरमीचं. गूगलनं २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. मध्यम तापमानात डिस्क जास्त मरतात असं त्यात दिसलं नाही, उलट फार थंड ठेवलेल्या जास्त गेल्या. फार तापलेल्या आणि जुन्या डिस्कलाच उष्णता बाधली. त्यामुळं डिस्क ३५ ते ४० अंशांवर असेल तर निवांत राहा, ४५ च्या वर गेली की कारण शोधा.

आपल्याकडं ते कारण बहुतेक वेळा धूळ असते. उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात डिस्क ५४ अंशांवर होती आणि मालक दुसरा एसी घ्यायला निघाले होते. मी पुढची जाळी काढली. तेलाची वाफ नि लोखंडाची काळी धूळ मिळून तिच्यावर नमद्यासारखा थर बसला होता, बोट फिरवलं तरी भोकं लागत नव्हती. शिवाय डिस्कचे दोन रिकामे कप्पे उघडेच होते, त्यामुळं जो थोडा वारा आत येत होता तो तिथनंच निघून जात होता. जाळी धुतली, कप्पे पुठ्ठ्यानं बंद केले. दोन तासांत त्याच खोलीत, त्याच हवेत डिस्क ३९ वर आली. तुमच्याकडं खाली वखार आहे, तंबाखूचा धुरळा याहून बारीक असतो. जाळी दर पंधरा दिवसांनी काढून झटकायचं काम एका माणसाच्या नावावर लिहूनच ठेवा.

पावसाळ्यात एसी १८ वर ठेवू नका, २४-२५ पुरे. आणि सर्व्हर रात्री बंद करू नका. चालू डिस्क आपल्या उबेनं कोरडी राहते. गार झालेल्या लोखंडावर आषाढातली दमट हवा लागली की पाणी सुटतं. यूपीएस 'ऑनलाइन' प्रकारचाच घ्या, म्हणजे वीज गेली तरी क्षणभरही खंड पडू न देणारा.

स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) दर आठवड्याला चालवा. ५, १९७ आणि १९८ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींतला आकडा शून्यावरनं हलला तर डिस्क बदलायच्या तयारीला लागा. गूगलच्या त्याच अभ्यासात पहिली स्कॅन चूक (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली चूक) दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली होती. १९९ च्या ओळीतला आकडा वाढला तर आधी केबल बदलून बघा. पण सगळ्या डिस्क अशी पूर्वसूचना देत नाहीत, म्हणून रोजचा बॅकअप दुसऱ्या इमारतीत गेलाच पाहिजे.

चेसिसचा, म्हणजे सर्व्हरच्या पेटीचा, पुढनं आणि मागनं एकेक फोटो टाका, पंखे कुठल्या बाजूला वारा ओढतायत ते बघून सांगतो.