वंशावळीच्या कागदावर न दिसलेले भाऊ

आपण निपाणीहून लिहिले आहे की आपल्या मुधोळ जातीच्या कुत्रीच्या पहिल्या वेतातील चार नर पिल्लांपैकी एकाचे एक वृषण दहाव्या आठवड्यातही खाली पिशवीत उतरलेले नाही, आणि ज्यांच्या नराशी जोड लावली ते गृहस्थ ‘उतरेल हो, गिऱ्हाइकाला कशाला सांगता’ असे म्हणत आहेत. हेच वाक्य मी खानापुरात ऐकले होते आणि दुर्दैवाने मानलेही होते, म्हणून हे लांबलचक उत्तर. मी पशुवैद्य नाही. वैद्यकीय निर्णय आपल्या डॉक्टरांनाच विचारून घ्यावा.

‘मस्ती’ या माझ्या मुधोळ कुत्रीच्या पहिल्या वेतात असेच एक पिल्लू निघाले. मी ते ‘फक्त पाळण्यासाठी’ म्हणून कमी किमतीत अथणीला दिले, स्वतःच्या डायरीत एक ओळ लिहिली आणि डायरी मिटली. नराच्या मालकाला कळवले नाही, मस्तीच्या भावांविषयी कोणाला विचारले नाही, आणि वंशावळीचा कागद स्वच्छ दिसतो एवढ्यावर पुढच्या वर्षी तीच जोड पुन्हा लावली. त्या वेतातील चारपैकी तीन नर तसेच निघाले. एवढी महागात पडलेली चूक मी दुसरी केलेली नाही.

हा दोष आनुवंशिक मानला जातो आणि तो आई व बाप दोघांकडूनही येऊ शकतो. पण मादीत तो दिसण्याचा प्रश्नच नसतो. मादीच्या रक्तात काय आहे हे कळायचे असेल तर तिचे भाऊ पाहावे लागतात, आणि विकलेले, कमी किमतीत दिलेले, वाटून टाकलेले भाऊ वंशावळीच्या कागदावर नसतात. तिथे आई, बाप, आजी, आजोबा एवढेच. म्हणून माझे ठाम मत आहे की आरोग्याची नोंद संपूर्ण वेताची असावी आणि ती खुली असावी. केवळ निवडलेल्या दोन देखण्या पिल्लांची नोंद म्हणजे जाहिरात. काहींना हे कडक वाटेल, वाटो.

मी कुत्र्यांच्या नोंदणीच्या एका कार्यालयाला पत्र लिहून विचारले की मस्तीशी जोड लावलेल्या नराच्या इतर वेतांत असे काही आढळले आहे का, आणि माझ्या पिल्लांचा दोष त्यांच्या नोंदीत घालता येईल का. चार महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: माहिती केवळ मालकालाच देता येते आणि दोषासाठी अर्जात रकाना नाही. अंगावरच्या केसांच्या रंगासाठी रकाना आहे, बरे का!

उत्तर शेवटी मुधोळजवळच्या एका गावात मिळाले. पिढीजात कुत्री पाळणाऱ्या एका आजोबांनी ओट्यावर बसून कन्नडमध्ये मस्तीच्या आईचे चार भाऊ बोटांवर मोजून दाखवले, आणि तिसऱ्या बोटावर थांबून म्हणाले, ‘याची एक गोळी वरच राहिली.’ त्यांच्याकडे कागदाचा एक कपटाही नव्हता. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की त्याच नराची पिल्ले असलेल्या आणखी दोघांनी हेच पाहिले होते आणि दोघेही, माझ्यासारखेच, आपल्याच घरी घडले असे समजून गप्प बसले होते.

आता आपल्या पिल्लाविषयी. तपासताना पिल्लू शांत व उभे असावे आणि आपले हात गरम असावेत. थंडीत वृषण वर ओढले जाते आणि उगाच घोटाळा होतो. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहतात, त्यानंतर उतरण्याची आशा फारशी नसते. आत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून ते शस्त्रक्रियेने काढतात. त्या वेळी हा शिकारी बांध्याचा, अंगावर चरबी नसलेला कुत्रा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण थायोपेंटोनसारख्या भुलीतून ग्रेहाउंडसारखी कुत्री फार उशिरा सावरतात. गिऱ्हाइकाला हे सारे लेखी द्यावे, पिल्लापासून पैदास करू नये हेही लिहावे, आणि नराच्या मालकाला त्याची प्रत पाठवावी. ते रागावतील. माझेही रागावले होते. दीड वर्षाने त्यांनीच फोन करून मस्तीच्या वेतांचे तपशील मागितले.

मस्तीच्या दोन्ही वेतांचे पान, दोषांसह, मी मागेल त्याला देतो. आपण जोड लावलेला नर त्याच घराण्यातला आहे का हे पाहायचे असेल तर त्याचा आणि त्याच्या आईबापांचा कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा पंधरा अंकी क्रमांक पाठवावा. नुसती नावे पाठवू नयेत, कारण हेच वाण एका नोंदपुस्तकात मुधोळ तर दुसऱ्यात कारवान म्हणून लिहितात, आणि माझ्या यादीत एकच कुत्रा दोन नावांनी दोनदा येऊन बसला होता.