वाचकांचे प्रश्न : बंद झालेली अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याआधी काय तपासले जाते?

या अंकासाठी नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावर आहेत. त्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी एकलहरे औष्णिक वीज केंद्रात बॉयलर विभागात नोकरी केली. आमच्याकडे ओव्हरहॉल संपले, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली, बॉयलर इन्स्पेक्टरचा दाखला हातात पडला की लाइट-अप होई, म्हणजे बॉयलर पेटे, आणि लवकरच संच ग्रिडला जोडला जाई. अमेरिकेतील पॅलिसेड्स हे 2022 मध्ये बंद केलेले अणुवीज केंद्र पुन्हा सुरू करायला एवढी वर्षे का लागावीत? (निवृत्त कर्मचारी, नाशिक रोड)

पॅलिसेड्सचे काम आधी कागदावर अडले आणि नंतर नळ्यांमध्ये. मिशिगन सरोवराच्या काठचे हे सुमारे 800 मेगावॉटचे केंद्र 1971 पासून चालू होते. 20 मे 2022 रोजी ते बंद झाले, पुढच्याच महिन्यात भट्टीतील सर्व इंधन बाहेर काढण्यात आले आणि ‘हे केंद्र आम्ही कायमचे बंद केले आहे’ असे लेखी प्रमाणपत्र मालकाने अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाला दिले. तेथील नियमानुसार असे प्रमाणपत्र दाखल झाले की भट्टी चालवण्याची आणि तीत इंधन भरण्याची मुभा संपते. परवाना मात्र संपत नाही, कारण वापरलेले इंधन आणि किरणोत्सारी झालेले भाग सांभाळण्याची जबाबदारी कोणावर तरी असावीच लागते. पॅलिसेड्सचा परवाना 2031 पर्यंतचा आहे. म्हणजे केंद्राजवळ परवाना होता, पण तो चालवण्याचा राहिलेला नव्हता. त्यानंतर ज्या होल्टेक कंपनीने केंद्र मोडीत काढण्यासाठी म्हणून विकत घेतले, तिनेच ते पुन्हा चालवण्याचे ठरवले आणि आयोगापुढे एक अपूर्व प्रश्न उभा राहिला.

अपूर्व अशासाठी की परतीच्या या वाटेचा वेगळा नियमच अस्तित्वात नव्हता. असा नियम करावा ही मागणी आयोगाने 2021 मध्ये नाकारली होती आणि प्रसंग आलाच तर हातातील तरतुदींनीच तो हाताळता येईल, अशी भूमिका घेतली होती. त्यामुळे कंपनीला सप्टेंबर 2023 पासून एकेक अर्ज करावा लागला : त्या प्रमाणपत्राच्या परिणामातून सूट, चालक कंपनीच्या नावे परवान्याचे हस्तांतर, तांत्रिक अटी आणि आणीबाणी आराखडा पूर्ववत करणाऱ्या दुरुस्त्या आणि या सर्वांसाठी पर्यावरणीय मूल्यमापन. जुलै 2025 मध्ये मुख्य मंजुऱ्या मिळाल्या आणि 25 ऑगस्ट 2025 रोजी केंद्र कायद्याच्या दृष्टीने पुन्हा ‘चालू’ वर्गात आले. त्या दिवशी तेथे विजेचे एक युनिटही तयार होत नव्हते, हे बातम्यांचे मथळे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे. चालू वर्गात येणे म्हणजे चालू केंद्राचे सगळे नियम आणि सगळी तपासणी पुन्हा लागू होणे, एवढाच त्याचा अर्थ होता.

आता नळ्यांकडे वळू. आपण बॉयलर विभागात होतात, म्हणजे ट्यूब लीकेज काय असते हे आपल्याला सांगायला नको. फरक इतकाच की एकलहऱ्यात नळी फुटली तर संच बंद करून ती बदलता येते आणि बाहेर पडते ती केवळ वाफ. पॅलिसेड्ससारख्या दाबित पाण्याच्या केंद्रात वाफजनित्राच्या नळीच्या आत भट्टीतून आलेले, वातावरणाच्या सुमारे दीडशेपट दाबाखालचे पाणी असते आणि बाहेर टर्बाइनकडे जाणारी वाफ. या नळीची भिंत जेमतेम 1 मिलिमीटर जाडीची असते. किरणोत्सारी बाजू आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये त्या जागी तेवढाच पडदा असतो. अशा हजारो नळ्यांमधून एडी करंटची, म्हणजे धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून त्यातील दोष टिपणारी, सळई फिरवून प्रत्येक नळीची भिंत तपासतात. 2024 मध्ये पॅलिसेड्सला ही तपासणी झाली, तेव्हा मोठ्या संख्येने नळ्यांमध्ये ताण आणि गंज यांच्या संयुक्त परिणामाने पडणाऱ्या भेगांच्या खुणा आढळल्या. अशी नळी एकतर दोन्ही टोकांना बूच मारून कायमची बाद करतात किंवा तिच्या आत दुसरी आखूड नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवतात. स्लीव्ह बसवण्यासाठीही आयोगाची वेगळी मंजुरी मागावी लागली, कारण दुरुस्ती कोणत्या पद्धतीने करायची हेही परवान्याच्या अटींतच येते.

येथे एक गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण माझ्या मते सगळ्या विलंबाचे मूळ तीत आहे. जे केंद्र उद्या पुन्हा चालवायचे असते, त्याची बंद काळातही निगा राखली जाते. वाफजनित्रात रसायने मिसळलेले पाणी ठरलेल्या पातळीला ठेवतात, त्यातील प्राणवायू काढून टाकतात, पंप ठरावीक काळाने फिरवतात, प्रत्येक मोजमापाची नोंद करतात. जे केंद्र मोडायचेच आहे, तेथे यातील बरेच काही थांबते आणि ते थांबणे बेकायदा नसते. नियंत्रण कक्षातील चालकांचे परवाने संपतात, माणसे दुसरीकडे जातात, आणीबाणी आराखडा आखडतो. म्हणून ‘यंत्र तेच’ हे गृहीत नियामकाला मान्य करता येत नाही. मधल्या महिन्यांत त्या यंत्राचे काय झाले, हे अर्जदाराने भाग दर भाग सिद्ध करून दाखवावे लागते. त्यात भट्टीचे पोलादी पात्रही येते. वर्षानुवर्षांच्या न्यूट्रॉनच्या माऱ्याने हे पोलाद ठिसूळ होत जाते आणि पॅलिसेड्सचे पात्र त्या बाबतीत अमेरिकेत पूर्वीपासूनच चर्चेत राहिलेले आहे. वाफजनित्र बदलता येते, पात्र व्यवहारात बदलता येत नाही.

आयोगाने या कामासाठी खास पुनरारंभ पथक नेमले, ठाण मांडून बसणारे निरीक्षक ठेवले आणि सार्वजनिक बैठका घेतल्या. हे सगळे नीटच झाले असे मानले, तरी नियमातून सूट देण्याच्या वाटेने एवढे मोठे काम व्हावे हे मला पटत नाही. सूट देण्याची तरतूद विरळा प्रसंगासाठी असते. आज पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंडचा पहिला संच आणि आयोवातील ड्युएन अर्नोल्ड हे केंद्रही त्याच रांगेत उभे आहेत. विरळा प्रसंग तीनदा आला की त्याचा नियम लिहून काढणे हेच योग्य, म्हणजे कोणती तपासणी ऐच्छिक नाही हे अर्जदाराला आणि शेजारच्या गावालाही आधीच कळते. (थ्री माइल आयलंडला 1979 चा अपघात दुसऱ्या संचात झाला होता. पुन्हा सुरू होऊ घातलेला पहिला संच 2019 पर्यंत वीज देत होता आणि परवडत नाही म्हणून बंद केला गेला.)

प्रश्न : भारतात असा निर्णय कोण घेते? आणि तो घेणारी संस्था सरकारपासून स्वतंत्र आहे का? (प्राध्यापिका, गंगापूर रोड, नाशिक)

हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाचे. त्याची स्थापना नोव्हेंबर 1983 मध्ये झाली आणि त्याचे कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला, नियामक भवनात आहे. आपल्याकडे ‘कायमचे बंद’ जाहीर करून पुन्हा उघडलेले केंद्र नाही. दीर्घकाळ बंद ठेवून दुरुस्तीनंतर सुरू केलेले संच मात्र आहेत, आणि त्यांतील काक्रापारचे उदाहरण सर्वांत बोलके आहे.

11 मार्च 2016 रोजी, म्हणजे फुकुशिमाच्या अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्याच दिवशी, गुजरातमधील काक्रापारच्या पहिल्या संचात शीतक वाहिनीतून जड पाण्याची गळती झाली. संच सुरक्षितपणे थांबला, परंतु प्रश्न तेथे संपला नाही, उलट सुरू झाला. अशा 220 मेगावॉटच्या भट्टीत 306 शीतक वाहिन्या असतात. गळणारी एक वाहिनी बदलून संच सुरू करणे खर्चाच्या दृष्टीने सोपे होते, पण तपासणीत अनेक दाबनळ्यांच्या, म्हणजे या वाहिन्यांतील इंधन आणि जड पाणी धरणाऱ्या नळ्यांच्या, बाहेरच्या पृष्ठभागावर गंजाचे ठिपके आढळले. बाहेरची बाजू ही अनपेक्षित जागा होती, कारण तेथे वाहते पाणी नसते, कार्बन डायऑक्साइड वायू असतो. तेव्हा त्या वायूतील अशुद्धतेपर्यंत शोध घ्यावा लागला. अखेर सगळ्याच वाहिन्या बदलण्यात आल्या आणि पहिला संच मे 2019 मध्ये पुन्हा सुरू झाला. दुसरा संच त्याआधी, 2018 मध्ये, त्याच मार्गाने सुरू झाला होता.

अशा वेळी मंडळ एकच शिक्का मारून मोकळे होत नाही. इंधन भरणे, शीतक भरणे, साखळी अभिक्रिया सुरू करणे, कमी शक्तीवरील चाचण्या आणि मग पायरीपायरीने शक्ती वाढवणे, अशा टप्प्यांना परवानगी दिली जाते आणि आधीच्या टप्प्याचे निष्कर्ष समितीपुढे आल्याखेरीज पुढचा टप्पा मोकळा होत नाही. चालू केंद्राचा परवानाही एका वेळी पाच वर्षांपर्यंतच दिला जातो आणि दर दहा वर्षांनी सर्वंकष सुरक्षा आढावा होतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तितके समाधानकारक नाही. मंडळ बरीच वर्षे कार्यकारी आदेशाने उभे असलेले आणि अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते. ज्याच्या छत्राखाली वीज केंद्रे चालतात त्याच छत्राखाली त्यांचा पहारेकरी, ही रचना महालेखापरीक्षकांनी 2012 च्या अहवालात खरमरीत शब्दांत दाखवून दिली होती. वेगळे प्राधिकरण नेमण्याचे 2011 चे विधेयक मंजूर न होताच बारगळले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या अणुऊर्जेविषयीच्या ‘शांती’ कायद्यात मंडळाला वैधानिक दर्जा देण्यात आला आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही अणुवीज निर्मितीचे दार उघडले असल्याने मंडळाचे काम येथून पुढे अधिक अवघड होईल : सरकारी महामंडळाला थांबवणे आणि कर्जाचे हप्ते भरणाऱ्या कंपनीला थांबवणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

प्रश्न : तारापूरचे जुने दोन संच दुरुस्तीनंतर चालवले तर नाशिकला धोका आहे का? आमची द्राक्षे निर्यात होतात म्हणून विचारतो. (द्राक्ष बागायतदार, निफाड)

तारापूर नाशिकपासून सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटर आहे आणि मध्ये सह्याद्री आहे. केंद्राबाहेरील आणीबाणी नियोजनाचे क्षेत्र 16 किलोमीटरचे असते, त्यामुळे नाशिक जिल्हा त्या आराखड्यात येत नाही. नेहमीच्या चालण्यातून आपल्या बागेवर परिणाम होण्याचे कारण नाही.

मात्र या संचांवर लक्ष असावे, हे आपले म्हणणे रास्त आहे. ऑक्टोबर 1969 पासून वीज देणारे हे देशातील पहिले अणुसंच. क्षमता मुळात 210 मेगावॉटची, नंतर 160 वर आणलेली. 2005-06 मध्ये ते थांबवून दोन्ही संचांत सामाईक असलेल्या काही यंत्रणा वेगळ्या केल्या गेल्या आणि आणीबाणीचे डिझेल जनित्र संच बदलले. 2020 मध्ये दोन्ही संच पुन्हा थांबवून मोठ्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले, त्यात भट्टीतील पाणी फिरवणारे मोठे पाइप बदलणे हे मुख्य. एवढ्या जुन्या संचात नवे पाइप पाहून समाधान मानू नये. जुने काय राहिले आहे आणि त्याची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारावे. मंडळाचे वार्षिक अहवाल संकेतस्थळावर असतात; तेथून सुरुवात करावी.

प्रश्न : नियामक कधी ‘नाही’ म्हणतो का, की थोडा उशीर लावून शेवटी हो म्हणतो? (विद्यार्थी, पंचवटी)

जपानमध्ये म्हटलेले आहे, आणि तेही दोन वेगळ्या कारणांसाठी. फुकुशिमानंतर तेथे सप्टेंबर 2012 मध्ये नवे नियमन प्राधिकरण नेमले गेले, जुलै 2013 पासून नवे निकष लागू झाले आणि बंद ठेवलेल्या प्रत्येक भट्टीला त्या निकषांवर पुन्हा उतरावे लागले. पहिली भट्टी, सेंदाई येथील, ऑगस्ट 2015 मध्ये सुरू झाली. त्सुरुगाच्या दुसऱ्या संचाला मात्र नोव्हेंबर 2024 मध्ये औपचारिक नकार मिळाला, कारण भट्टीखाली सक्रिय भ्रंश, म्हणजे खडक सरकू शकतील अशी भूगर्भातील भेग, असण्याची शक्यता कंपनीला खोडून काढता आली नाही. भ्रंश आहे हे प्राधिकरणाने सिद्ध करण्याची गरज नव्हती; तो नाही हे सिद्ध करणे कंपनीचे काम होते.

दुसरा प्रकार काशिवाझाकी-कारिवाचा. क्षमतेने जगातील सर्वांत मोठे असलेले हे केंद्र टेप्को कंपनीचे, म्हणजे फुकुशिमाच्याच मालकाचे. त्याच्या सहाव्या आणि सातव्या संचाला 2017 मध्ये तांत्रिक मान्यता मिळाली होती. पुढे उघड झाले की सप्टेंबर 2020 मध्ये तेथील एक कर्मचारी सहकाऱ्याचे ओळखपत्र वापरून थेट मुख्य नियंत्रण कक्षात गेला होता. घुसखोरी टिपणारी काही उपकरणेही नादुरुस्त होती आणि त्यांना पुरेसा पर्याय उभा केलेला नव्हता. भट्टीत कोणताही दोष नसताना एप्रिल 2021 मध्ये प्राधिकरणाने तेथे इंधन हलवण्यावर बंदी घातली आणि ती डिसेंबर 2023 पर्यंत उठवली नाही. त्यानंतरही नीगाता प्रांताच्या राज्यपालांची संमती बाकी राहिली आणि ती मिळायला 2025 अखेर उजाडली. ही संमती कायद्यात लिहिलेली नाही, पण ती डावलून तेथे भट्टी सुरू केली जात नाही.

आपल्याकडे नव्या प्रकल्पासाठी पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होते. जुना संच दुरुस्तीनंतर सुरू करताना तशी सुनावणी घेण्याची पद्धत नाही.