जंगल मोजायचं शिक्षण घेऊन पोट भरेल का?

प्रश्न : आम्ही राधानगरी तालुक्यातले. मुलगी कोल्हापुरात बारावी सायन्सला आहे. मालकी रान तोडून काजू लावायचं ठरवलंय, तर ती विरोध करते. जमिनीचा वापर बदलला की निसर्गाचं काय होतं, हेच शिकायचं म्हणते. आम्हाला फार्मसी बरी वाटते. काजूही झाडच ना?

उत्तर : नमस्कार. काजू झाडच आहे, पण बाग म्हणजे जंगल नव्हे. जंगलात उंच झाडं, झुडपं, वेली आणि खाली पाचोळा असे थर असतात. पाऊस त्यांतून अडखळत जमिनीत मुरतो. तळ साफ केलेल्या बागेत तोच पाऊस तांबडी माती घेऊन ओढ्याला जातो. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी ढोलीचं जुनं झाड लागतं, ते काजूच्या बागेत कुठून मिळणार? जंगलाचे तुकडे पडले की कडेनं ऊन शिरतं, रानमोडीचं तण माजतं. गव्यांच्या वाटाही तुटतात. मग ते उसात आले की ओरड आपलीच. बॉक्साइटच्या खनिजासाठी सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं पठार, खणला तर वरची मातीच जाते, मग नुसती रोपं लावून सडा परत येत नाही. तुमची मुलगी हट्ट करत नाही, नेमका प्रश्न विचारतेय.

आता पोटाचं. दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षांची पदवी आहे, तिलाही सीईटीच लागते. नाहीतर कोल्हापुरातच वनस्पतिशास्त्रात बीएस्सी, पुढे शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र किंवा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची प्रवेश परीक्षा. माझं मत बीएस्सीकडे झुकतं, पण सोबत संख्याशास्त्र आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करून जमिनीची माहिती तपासणं, शिकलीच पाहिजे. नुसती झाडांची नावं येणारे पुष्कळ आहेत.

सरकारी वाट एमपीएससीच्या वनसेवेची, नाहीतर यूपीएससीच्या भारतीय वनसेवेची. दुसरीत मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. राधानगरीच्या पोरीला ते काय अवघड! १९८०च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमीन इतर कामाला द्यायची तर केंद्राची मंजुरी लागते आणि मोठ्या खाणी-धरणांना पर्यावरण आघात अहवाल, म्हणजे प्रकल्पानं निसर्गाचं काय होईल याचा अभ्यास. तो करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत काम मिळतं. मात्र अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच देतो, तेव्हा खरं लिहायला कणा लागतो. संशोधनात सुरुवातीची काही वर्षं कंत्राटी कामं आणि बेताचं मानधन, हे आधीच सांगून ठेवतो.

तोडणी तूर्त थांबवा. सुट्टीत तिला तुमच्या रानात आणि शेजारच्या काजूबागेत १० बाय १० मीटरचा एकेक तुकडा आखू द्या; प्रत्येक जातीची झाडं नि रोपं मोजून वहीत लिहू दे. आठवडाभरात कंटाळली, तर फार्मसीचा फॉर्म भरा. नाही कंटाळली, तर ती वही मला पाठवा.