झांझिबारला जाणार आहे. तिथल्या मुलांबरोबर दिवस घालवायचा आहे, पण भाषा येत नाही. कसं जमेल? त्यांच्यासाठी चॉकलेटं न्यावीत का?

चॉकलेटं नेऊ नका. मी दोन पाकिटं नेली होती, तशीच परत आणली (वितळून त्यांचा एकच गोळा झाला होता, तो भाग वेगळा). आग्नेय किनाऱ्यावरच्या जांबियानी गावात मी उतरले होते. तिथल्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "रस्त्यात काही वाटू नका. आज तुम्ही द्याल, उद्या हीच पोरं प्रत्येक पाहुण्यामागे हात पसरत धावतील." द्यायचंच असेल तर शाळेत विचारून तिथे द्या. मला पटलं.

मुलांमध्ये मिसळायचं कसं, हे ठरवायची माझ्यावर वेळच आली नाही. मालकीणबाईंची नऊ-दहा वर्षांची नात म्हणाली, उद्या आम्ही ओहोटीला शिंपले वेचायला जाणार आहोत, चल. किती वाजता? "सा मोजा." मोजा म्हणजे एक, एवढं मला येत होतं. दुपारी एकला जायचंय असं समजून मी निवांत झोपले, आणि सकाळी सातला पाच पोरं दारात! स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले दहा म्हणजे त्यांचे चार. आपल्याकडे पूर्वी घटका सूर्योदयापासून मोजायचे, तसंच. तेव्हा वेळ ठरवताना बोटाने सूर्य कुठे असेल ते दाखवून घ्या.

डोळे चोळत बाहेर आले तर पाचही जण एका सुरात "शिकामो!" मी म्हटलं, "हॅलो." पोरं खो-खो हसली. 'तुमचे पाय धरतो' अशा अर्थाचा तो थोरामोठ्यांना करायचा नमस्कार आहे आणि त्यावर 'मराहाबा' म्हणायचं असतं. दिवसभर मग मुद्दाम शिकामो करून माझी परीक्षा चालली होती. बाकी भाषेचं फार मनावर घेऊ नका. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, रांगी म्हणजे रंग, चाई म्हणजे चहा आणि चपाती म्हणजे चपातीच.

मी रत्नागिरीकडची, त्यामुळे सुकती काही मला नवी नाही. पण इथलं पाणी किलोमीटरभर आत जातं! पार लांब, प्रवाळाच्या कडेवर लाटा फुटताना पांढरी रेघ दिसते तिथपर्यंत. अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास असतो. उघड्या पडलेल्या वाळूत काठ्या रोवून दोऱ्या ताणलेल्या, त्यांना समुद्री शेवाळ बांधलेलं. ही शेती बहुतेक बायकाच करतात. टूथपेस्ट आणि आइस्क्रीम दाट करायला लागणारा पदार्थ या शेवाळातून काढतात. दोघा पोरांच्या आया तिथेच वाकून काम करत होत्या. मी आधी त्यांना विचारलं, मगच पोरांचे फोटो काढले. तुम्हीही तसंच करा.

पायात जाड तळाचं काहीतरी हवंच. मी चपलांवर निघाले होते. सगळ्यात धाकट्याने माझी ओढणी धरून मला थांबवलं आणि पुढच्या डबक्याकडे बोट दाखवलं. बोटभर लांब काळ्या काट्यांचा एक गोळा खडकाला चिकटून बसला होता, काटे सावकाश हलत होते. तिथून पुढे पाऊल कुठे टाकायचं ते तो ठरवायचा आणि मी टाकायचे.

पाणी परत चढायला लागलं तशी पोरं मला हाकलतच किनाऱ्यावर घेऊन आली. मग माडाखाली म्दाको सुरू झाला. खळग्यात खडे ठेवायचे, एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत बाकीचे बाहेर ओढायचे आणि वरचा झेलायचा. मी म्हटलं, अरे, हे तर सागरगोटे! एक पोरगी उठून पळाली आणि ओंजळभर करड्या, गुळगुळीत बिया घेऊन आली. सागरगोटेच ते, आजीच्या डब्यातले असावेत असे. तिथे त्यांना कोम्वे म्हणतात. ही बी पाण्यावर तरंगते, त्यामुळे उष्ण प्रदेशातल्या कितीतरी किनाऱ्यांवर तिची काटेरी झुडपं सापडतात.

मग काय, मी पदर खोचायचाच बाकी ठेवला. एकेक, दोन-दोन, तीन-तीन उचलून दाखवले. शेवटी आपला ठेवणीतला चावटपणाही केला. बी दगडावर खसाखसा घासली आणि हळूच मोठ्या पोराच्या दंडाला टेकवली. "मोतो!" तो किंचाळला. मोतो म्हणजे आग. पुढचा अर्धा तास पाचही जण एकमेकांना चटके देत गावभर पळत होते.

दुपारी मदरशाची वेळ झाली तशी बिया गोळा करायला लागले. तेव्हा कळलं, त्या आजोबांच्या बाओ नावाच्या बैठ्या खेळाच्या होत्या. बाओचा पट म्हणजे चार रांगा, प्रत्येकीत आठ खळगे, आणि बिया बरोबर 64. आजोबा बाहेरच्या ओट्यावर रिकामा पट मांडीवर घेऊन बसले होते. पोरांनी बिया ओतल्या, मोजल्या. 63. पुन्हा मोजल्या. 63. मग पाचही जण वळून माझ्याकडे बघायला लागले आणि मी खिशात हात घातला.