नक्षीच्या अलीकडचं डिझाईन

प्रश्न : सुभाषनगरात आमचं चपलांचं काम आहे. मुलगी डिझाईन शिकते. ती म्हणते, सरकारी धोरण आखतानाही डिझाईनवाले हवेत. धोरण म्हणजे पैसा आणि कायदा, त्यात नक्षीचं काय काम?
– एक कारागीर, कोल्हापूर

उत्तर : मुलगी बरोबर बोलते. चपलेला तुम्ही कान लावता ते शोभेला का? पट्टा त्यांच्यावरच तळाला धरून राहतो. नक्षी त्यानंतरची.

१९५८ साली चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझाईनर दांपत्यानं भारत सरकारला अहवाल दिला. त्यात त्यांनी मन भरून कौतुक केलं ते आपल्या पाण्याच्या तांब्याचं : पाणी किती मावतं, कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो. त्या अहवालातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली.

आता घरचं सांगते. माझ्या आत्तीनं उभा जन्म चपलांच्या चामडी वेण्या घातल्या. बोटांवरच्या रेषा पार झिजल्या. एका योजनेच्या नोंदणीसाठी आम्ही तीन खेपा घातल्या, यंत्र तिचा अंगठा घेईना. योजना हातानं राबणाऱ्यांसाठीच होती, पैसाही होता. झिजलेल्या हाताचा विचार तेवढा कुणी केला नव्हता. आधारची ओळख बुबुळावरून, चेहऱ्यावरूनही पटते. त्या केंद्रावर ती सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी आत्ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाई." तिचा तो आवाज अजून कानात आहे.

ब्रिटनमध्ये २०११ साली सरकारी सेवा सुधारण्यासाठी वेगळा विभाग निघाला. त्याचं पहिलं तत्त्व : आधी वापरणाऱ्याची गरज बघा, सरकारची नव्हे. आपलं राष्ट्रीय डिझाईन धोरण २००७ चं. त्याचा भर उद्योग, वस्तू आणि शिक्षणावर. खिडकीपुढं उभ्या माणसाला त्यात मोठी जागा हवी होती, असं मला वाटतं.

तुमच्या धंद्यातलंच बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी ४ जिल्ह्यांसाठी. पण त्याचा अधिकृत वापर करायला कारागिराला आपली वेगळी नोंद करावी लागते. तो अर्ज घेऊन मुलीला गल्लीतल्या पाच घरांत बसू दे. माणसं कुठं अडतात, कुठला शब्द दोनदा विचारतात, कुठला कागद घरात नसतोच, ते तिनं लिहून काढावं आणि मला धाडावं.