निरोपाच्या आधीचा कार्यक्रम

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला. तुमचा गिटारवाला सप्टेंबरात शिकायला बाहेर चाललाय आणि त्याच्यासोबतचा शेवटचा कार्यक्रम तुम्हाला रेकॉर्ड करायचाय. रेकॉर्डिंग जरूर करा, पण शेवटच्या कार्यक्रमाचं नको. त्याच्या आधीचे दोन-तीन करा.

असं का म्हणतोय ते कळायला जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा ‘सेकंड्स आउट’ ऐक. ऑक्टोबर १९७७ मध्ये आलेला दुहेरी लाइव्ह अल्बम आहे. फोनच्या स्पीकरवर ऐकणार असशील तर राहू दे. हेडफोन लाव आणि सलग बस. जवळजवळ सगळं रेकॉर्डिंग जून १९७७ मध्ये पॅरिसच्या पॅले दे स्पोर्मध्ये झालं. जुलैच्या सुरुवातीला दौरा संपला, मंडळी लंडनला परतली, ट्रायडंट स्टुडिओत मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून एकत्र करणं, सुरू झालं आणि ते चालू असतानाच गिटारवादक स्टीव्ह हॅकेटनं बँड सोडला. त्याच्या रचनांना बँडमध्ये पुरेशी जागा मिळत नव्हती, हे त्यामागचं मोठं कारण. त्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. बँडचा ड्रमर आणि तेव्हाचा गायक फिल कॉलिन्स गाडीनं स्टुडिओकडे निघाला होता, वाटेत हॅकेट दिसला. गाडीतून नेतो म्हटलं तर तो नको म्हणाला, नंतर फोन करतो म्हणाला. स्टुडिओत पोचल्यावर कीबोर्डवाला टोनी बँक्स आणि बासवाला माइक रदरफर्ड यांच्याकडून कॉलिन्सला कळलं की गडी बँडमधून गेला!

म्हणजे एका पर्वाचा शेवट या अल्बमवर आहे, पण वाजवताना तो कुणी जाहीर केलेला नव्हता. हॅकेटच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते त्याचं त्याला ठाऊक. श्रोत्यांना मात्र पत्ता नव्हता, आणि मंचावर चालू होता तो रोजचा कार्यक्रम, अनेक महिन्यांच्या दौऱ्यानं घासूनपुसून लख्ख झालेला. निरोपाच्या कार्यक्रमात काय होतं ते तूही पाहिलं असशील. जो तो आपला सोलो दोन आवर्तनं लांबवतो, गाणाऱ्याचा गळा दाटतो, मित्रमंडळी नाजूक जागेवर नेमकी नाव घेऊन ओरडतात. त्या रात्री मजा येते. नंतर ऐकवत नाही.

‘फर्थ ऑफ फिफ्थ’ लाव. स्टुडिओतल्या मूळ गाण्यात बँक्सचा पियानोवरचा मोठा आरंभ आहे. इथे तो गाळून थेट गाण्यालाच हात घातलाय. मग हॅकेटचा सोलो येतो. तो धावत नाही. एक सूर धरतो, लांबवतो, आणि त्याच्याखाली बाकीचे हळूहळू पाणी चढवत नेतात. लवकरच हा माणूस निघून जाणार आहे असं त्यातल्या एकाही सुरावरून वाटत नाही. तुमच्या गिटारवाल्याकडून मला हेच हवंय.

आता ड्रम्सकडे ये, कारण तुमचा ड्रमर माझ्या मते तुमच्यातला सगळ्यात तयार वादक आहे आणि तुम्ही त्याला गृहीत धरता. बँडचा आधीचा गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये गेल्यावर ड्रमवरचा कॉलिन्स गायला पुढे आला. मागे कोण बसणार? १९७६ च्या दौऱ्यात बिल ब्रुफर्ड, १९७७ मध्ये चेस्टर थॉम्पसन. थॉम्पसन आधी अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाकडे वाजवायचा, आणि तिथल्या एका लाइव्ह रेकॉर्डवर दोन ड्रमर मिळून एक फिल, म्हणजे मधली जागा भरणारा छोटा तुकडा, वाजवतात ते कॉलिन्सच्या मनात भरलं होतं. ‘आफ्टरग्लो’च्या शेवटाकडे कॉलिन्स आणि थॉम्पसन मिळून तोच तुकडा वाजवतात. गाणं तिथे साधंच असतं, संथ असतं, आणि अचानक मागून हा जोडगोळीचा मारा येतो. मी ते किती वेळा मागे नेऊन ऐकलंय ते विचारू नकोस. नवा माणूस बँडमध्ये घ्यायचा तर असा घ्यावा: जुन्याच्या जागी बसवायला नव्हे, त्याला जे येतं त्यासाठी.

गाण्याबाबतही तेच. ‘द म्युझिकल बॉक्स’चा फक्त शेवटचा भाग इथे आहे. गॅब्रिएल तो म्हाताऱ्याचा मुखवटा चढवून करायचा. कॉलिन्स मुखवट्याच्या वाटेला गेला नाही, नुसता गायला. ‘सपर्स रेडी’ तर चोवीस मिनिटांची, रेकॉर्डची एक अख्खी बाजू, आणि गॅब्रिएलशिवाय ती उभी राहते. मला ती इथेच जास्त आवडते. यावर भांडायला येणारे पुष्कळ आहेत, येऊ देत.

आणखी एक गोष्ट. हा अल्बम एका रात्रीचा नाही. ‘द सिनेमा शो’ तर १९७६ च्या पॅरिसमधला आहे, ब्रुफर्डवाला. सात मात्रांच्या ठेक्यावर बँक्सचा कीबोर्ड लांबच लांब चालतो आणि त्याखाली ब्रुफर्ड आणि कॉलिन्स दोघे. चांगलं होतं म्हणून घेतलं, इतकं सरळ. तेव्हा एकाच रात्रीच्या सोवळ्यात अडकू नका. तीन कार्यक्रम रेकॉर्ड करा, त्यातलं उत्तम निवडा. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा घ्या आणि दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावा, नाहीतर टाळ्या बादलीत पडल्यासारख्या येतात.

मिक्सिंगला गिटारवाला इथे नसेल. ‘सेकंड्स आउट’मध्ये काही ठिकाणी गिटार मागे राहिल्यासारखी वाटते, चाहते अजून त्यावरून हुज्जत घालतात. कारणाच्या वादात मी पडत नाही. पण जो माणूस खोलीत नसतो त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली सरकतोच, हे मात्र मी बँडाबँडांत पाहिलंय. म्हणून तो विमानात बसायच्या आधी कच्चं मिक्स करून त्याला ऐकवा, त्याची पातळी त्यालाच ठरवू द्या आणि ती लिहून ठेवा. ट्रॅक मलाही पाठव, रात्री दहानंतर मी मोकळा असतो.

तुझा,
दादा