आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन पुण्याहून कारने कोकणात चार दिवस: तारकर्ली गाठावी की जवळचा समुद्र?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: डिसेंबरात चार दिवस, स्वतःची कार, सत्तरीचे आई-वडील, सात आणि चार वर्षांची मुलं. तारकर्लीला जावं असं मनात आहे, पण आईंचे गुडघे दुखतात आणि धाकटीला गाडी लागते.

माझं स्पष्ट मत, तारकर्ली या वेळी नको. पुण्याहून ते अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत घाट आहे आणि तुम्हाला दर दीड-दोन तासांनी थांबावं लागणार. म्हणजे जाण्याचा अख्खा दिवस गाडीत, येण्याचा अख्खा दिवस गाडीत, आणि समुद्राच्या वाट्याला जेमतेम दोन दिवस. मालवणासाठी आठवड्याची सुट्टी काढा, तो मुलूख त्या लायकीचा आहे. चार दिवसांत दिवेआगरला एक मुक्काम, मग फेरीबोटीने गाडीसकट सावित्रीची खाडी ओलांडून आंजर्ल्याला दोन मुक्काम, असं करा. माझं माहेर दापोली तालुक्यातलं, सासर पुण्याचं. हा रस्ता मी मुलं मांडीवर असल्यापासून करते आहे, आता स्वतः गाडी चालवते. त्यामुळे पुढचं सगळं अनुभवातून सांगते.

हॉटेल शोधायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, बाराला, ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दर दिवशी भरती पाऊण तासाने पुढे सरकते. आता हे तुमच्या मुलांना लावून बघा. अष्टमीला गेलात तर संध्याकाळी सहाला, नेमकी तुमची किनाऱ्यावर जायची वेळ असते तेव्हा, पाणी पूर्ण चढलेलं असतं आणि खेळायला वाळू कमी उरते. पौर्णिमेच्या दिवशी दुपारभर पाणी मागे हटत असतं, वाळू भरपूर, पण पाण्याची ओढ खोल समुद्राकडे. एकादशी ते त्रयोदशी हे दिवस मला लहान मुलांसाठी सगळ्यात सोयीचे वाटतात. शुद्ध असो वा वद्य, फरक पडत नाही. अडीच ते चारच्या दरम्यान ओहोटी पूर्ण होते. मग चार-साडेचारला तुम्ही उतरता तेव्हा किनारा रुंद असतो, पाणी हळूहळू आत येत असतं आणि अंधार पडायच्या आत ते फार वरही चढत नाही. पाणी चढतं असताना मुलांचे पाय भिजू द्यावेत, उतरतं असताना त्यांना वाळूतच ठेवावं, असं आमच्या घरी सगळ्यांना लहानपणापासून बजावलेलं असतं. नक्की मिनिटं इंटरनेटवरच्या भरतीच्या तक्त्यात मिळतील, निघण्यापूर्वी ताडून पाहा. आणि चढत्या पाण्यातसुद्धा चार वर्षांच्या मुलीचा हात सोडायचा नाही. घोट्यापर्यंतच्या पाण्यातही लाट मागे फिरताना पायाखालची वाळू काढून नेते.

आईंचा एकादशीचा उपवास असेल तर खानावळीत आदल्या दिवशी फोन करून सांगा. दिवेआगरात घरगुती जेवणाची ठिकाणं चिक्कार आहेत, पण बहुतेक ठिकाणी जेवण सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी पाच जण दारात उभे राहिलात तर नाही म्हणतील, कारण नारळ खवण्यापासून सगळं माणसं मोजून केलेलं असतं. उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगा.

रस्ता ताम्हिणीचा घ्या. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी, खाली उतरून निजामपूर, माणगाव. तिथून मुंबई-गोवा महामार्ग सोडून मोर्बा, साई, म्हसळा आणि बोर्ली पंचतनवरून दिवेआगर. साधारण एकशे साठ-पासष्ट किलोमीटर होतात, पण तुम्ही तासांचा हिशेब पाच-सहाचा धरा. पहाटे साडेपाचला घर सोडलंत तर पिरंगुटची गर्दी लागत नाही आणि घाटात उजाडलेलं असतं. अंधारात ताम्हिणी करू नका. तीव्र वळणं आहेत आणि काही ठिकाणी दरी रस्त्याला अगदी लागून आहे. डिसेंबरात पहाटे धुकंही असतं. फोटोसाठी वळणावर गाडी उभी करणारे दिसतील, त्यांच्यामागे तुम्ही थांबू नका. मुळशीच्या पाण्याकाठी मोकळ्या जागा आहेत, तिथे सगळ्यांना पाय मोकळे करू द्या. स्वच्छतागृहाची सोय पौडपर्यंतच उरकून घ्या. पुढे माणगावपर्यंत फारसं काही मिळत नाही आणि सत्तरीच्या माणसांना तो मोठाच प्रश्न असतो.

धाकटीला निघताना दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा भाकरीचा तुकडा, आलेपाक, आणि उतार सुरू झाला की मोबाइल तिच्या हातातून बाजूला. काच थोडी खाली. तुम्ही स्वतः वळणाच्या आधी वेग कमी करून वळणात स्थिर चालवलंत तर निम्मा त्रास होतच नाही. ब्रेक मारत मारत वळण घेतलं की मागची मुलं हमखास ओकतात. औषध द्यायचं तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, तेही निघण्याआधी.

नाश्ता माणगावला करा आणि टाकीही तिथेच भरा. किनाऱ्याच्या रस्त्याला पेट्रोल पंप लांब लांब आहेत. रोख पैसेही जवळ ठेवा, खाडीकाठी नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत. शनिवारी सकाळी उशिरा पोचलात तर माणगावच्या चौकात तास मोडू शकतो, म्हणून जमल्यास मधल्या वारी निघा. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा तर टाळाच.

दिवेआगरचा किनारा लांब, सपाट आणि मऊ वाळूचा आहे. वस्तीतून किनाऱ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ लावली की उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणून इथली सुपारी, नारळ वाडीवाल्यांकडूनच थेट घ्या, आणि घासाघीस करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती. सुवर्णगणेशाच्या देवळात आई-वडिलांना न्या. 1997 साली इथल्या वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, 2012 च्या मार्चमध्ये दरोडा पडून तो चोरीला गेला, दोन पहारेकऱ्यांचा त्यात जीव गेला. 2021 च्या नोव्हेंबरात सोन्याच्या नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. रूपनारायणाची शिळेतली मूर्तीही न चुकता पाहा, इतकं बारीक कोरीवकाम किनाऱ्यावरच्या गावात पाहायला मिळेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेआगरहून श्रीवर्धनला आतल्या रस्त्याने जाऊ नका. शेखाडी-आरावीवरून समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता आहे. सबंध सहलीतला हा सर्वांत देखणा तुकडा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाही तो खिडकीतून पुरेपूर मिळतो, आईंना समुद्राच्या बाजूला, म्हणजे जाताना उजव्या हाताला बसवा. श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव, बाळाजी विश्वनाथ इथलेच.

हरिहरेश्वरला दुपारी ओहोटीच्या वेळी पोचा. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर असं दर्शन घेतात. देवळामागून प्रदक्षिणेची वाट डोंगरावर चढते आणि कातळातल्या फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्रापर्यंत उतरते. खाली लाटांनी खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. तुम्ही आणि मोठा मुलगा जा. आई-वडिलांना आणि धाकटीला देवळात बसवा, त्या पायऱ्या त्यांच्यासाठी नाहीत. भरतीला ही वाट बंद असते आणि ती बंद असायलाच हवी. तिथल्या खडकांवरून लाटेने माणसं ओढून नेली आहेत. कोणी गावकरी किंवा पुजारी ‘आता जाऊ नका’ म्हणाले तर मुकाट्याने परत फिरा.

तिथून बागमांडला अगदी जवळ आहे आणि मुलांना जन्मभर आठवेल अशी गोष्ट तिथे आहे. समोर सावित्रीची खाडी आडवी येते, पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. रस्त्याने वळसा घालायचा तर पार आंबेत-म्हाप्रळपर्यंत आत जावं लागतं. इथे गाडी फेरीबोटीत चढवायची, लोक तिला जंगलजेटी म्हणतात. जेटीवर तिकीट मिळतं, गाडीचं आणि माणसांचं वेगळं. चढवण्याआधी आई-वडिलांना आणि मुलांना खाली उतरवून चालत चढू द्या, त्या लोखंडी उतारावर गाडीत फक्त चालक असलेला बरा. बोटीवरची पोरं हातवारे करतात तसं अगदी सावकाश पुढे घ्या, गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि सगळे वर जाऊन उभे राहा. उजव्या हाताला खाडीचं तोंड आणि मोकळा समुद्र, समोर टेकडीवर बाणकोटचा किल्ला. पार व्हायला थोडीच मिनिटं लागतात, पण माझ्या मुलांना संपूर्ण कोकणातून एवढंच आठवतं. शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि संध्याकाळ करू नका.

वेसवीला उतरल्यावर बाणकोटवरून वेळास गाठता येतं. नाना फडणवीसांचं गाव. इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमाराला हे काम सुरू केलं आणि पुढे गाव त्यात उतरलं. पण पिल्लं समुद्रात जाताना पाहायची तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या दिवसांत यावं लागतं. डिसेंबरात मुलांना कासवाचं आमिष दाखवू नका. तुम्ही सरळ मांदिवलीमार्गे केळशी आणि मग आंजर्ले गाठा.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. नकाशात नुसतं ‘मुरुड’ टाकू नका. एक मुरुड जंजिऱ्याजवळ रायगड जिल्ह्यात आहे, दुसरं दापोली तालुक्यात, महर्षी कर्व्यांचं. दोन्हींत काही तासांचं अंतर आहे आणि राहायची जागा चुकीच्या मुरुडात बुक केलेली माणसं मी पाहिली आहेत.

आंजर्ल्यात तिसऱ्या दिवशी गाडी कमीत कमी चालवा. सकाळी कड्यावरच्या गणपतीला जा. उजव्या सोंडेचा गणपती आहे, गाडी वरपर्यंत जाते, म्हणून आईंची अडचण होणार नाही. वरून नारळांची दाट गर्दी, खाडी आणि दूर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. 2025 मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला त्यांत हा आहे. किल्ल्यात जायचं तर हर्णैहून होडी करावी लागते आणि चढता-उतरता पाण्यात पाय घालावे लागतात. आई-वडिलांसाठी हर्णैच्या कनकदुर्गावरून पाहिलेला सुवर्णदुर्ग पुरेसा आहे. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव असतो. बोटी खोल पाण्यात थांबतात, मासळी किनाऱ्यावर आणतात आणि कोळणी बोली लावतात. वास आणि चिखल दोन्ही असतात, पण मुलांना सुरमई आणि हलवा आख्खा पाहू द्या. मासे घेऊन तुमच्या मुक्कामी दिलेत तर बरेच जण करून देतात, फक्त आधी विचारा.

गाडी वाळूत नेऊ नका. कर्दे, मुरुड, हर्णैला लोक हौसेने नेतात. वरून घट्ट दिसणारी ओली वाळू चाकाखाली ढासळते, गाडी रुतते, भरती वाट पाहत नाही, आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. शिवाय त्याच वाळूवर इतरांची मुलं खेळत असतात.

परतताना फेरीबोट नको. दापोली, खेड, मग कशेडीच्या बोगद्यातून पोलादपूर, महाड, माणगाव आणि ताम्हिणी असा रस्ता घ्या. महाडहून वरंधा घाटाने भोरमार्गे अंतर कमी पडतं, पण तो रस्ता अरुंद आहे, गाडी लागणाऱ्या मुलीला घेऊन मी तो धरणार नाही. सकाळी आठला निघालात तर जेवण महाड-माणगावच्या दरम्यान होईल आणि उजेडात घाट चढाल. दापोलीच्या बाजारात कोकम आगळ आणि आंबापोळी मिळेल, बाटली उभी ठेवा, सांडली तर डाग जात नाही. घरी पोचल्यावर दोन दिवसांत गाडी खालून गोड्या पाण्याने नीट धुवून घ्या, चाकांच्या आतल्या बाजूसकट. खाऱ्या पाण्याचा गंज तिथूनच सुरू होतो.

तारखा ठरल्या की तिथीसकट इथे लिहा, हरिहरेश्वरला आणि बागमांडल्याला किती वाजता पोचावं ते सांगते.